काचपेटीतील प्रवाळ आणि मात्रेचे गणित

छोट्या टाकीत प्रवाळ जगवायचे तर दुकानातील बाटल्यांपेक्षा मोजमाप अधिक उपयोगी पडते. चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा आणि थेंब मोजणारा पंप यांच्या आधाराने चालणाऱ्या या छंदाचे शास्त्र.

शोभेचे मासे पाळण्याचा छंद आपल्या शहरांना नवा नाही. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत फिरणारे गोल्डफिश किंवा एंजल हे दृश्य मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसते. जर्मनी, अमेरिका, जपान आदी देशांत मात्र हा छंद गोड्या पाण्यावर थांबला नाही. तेथे समुद्राच्या पाण्याची टाकी आली, तिच्यात मासे आले आणि नंतर माशांना बाजूला सारून प्रवाळेच टाकीची मानकरी ठरली. पूर्वी अशी टाकी शेकडो लिटरची असे. गेल्या दोन-तीन दशकांत टेबलावर मावणाऱ्या चाळीस-पन्नास लिटरच्या टाक्यांचा प्रसार झाला असून हौशी मंडळी त्यांना ‘नॅनो रीफ’ म्हणतात.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. भारतात खडक बांधणारी सर्व पाषाणी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे, विकणे किंवा घरात बाळगणे हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे पुढील विवेचन जेथे हा छंद कायदेशीर आहे अशा देशांतील टाक्यांविषयी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना ते प्रत्यक्ष उपयोगी पडेल. इतरांनाही, समुद्रात प्रवाळ कशावर जगते आणि कशाने मरते, हे या काचपेटीतून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्राणी, वनस्पती आणि चुनखडी

प्रवाळ हा प्राणी आहे. एका वसाहतीत शेकडो, हजारो चिमुकले जीव शेजारी शेजारी राहतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. या अन्नाच्या जोरावर पाषाणी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन आपल्या पायाखाली कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा, सांगाडा रचत जाते. थॉमस गोरो या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये जमैकातील प्रवाळांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की अंधारापेक्षा प्रकाशात हे बांधकाम कितीतरी वेगाने होते. प्रवाळाच्या टाकीवर मंद शोभेचा दिवा न चालण्याचे कारण हेच.

मऊ प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांना असा अखंड पाषाणी सांगाडा नसतो. त्यामुळे पाण्यातील कॅल्शियमवर त्यांचा भार अगदी थोडा पडतो. ‘पाण्यात काय आणि किती घालावे’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर या भेदातच आहे.

समुद्रात प्रवाळाने घेतलेला चुना कमी पडत नाही, कारण त्याच्याभोवतीचे पाणी अथांग आहे. चाळीस लिटरच्या टाकीत तोच चुना काही दिवसांत जाणवण्याइतका घटतो. म्हणूनच जेवढे खर्च झाले तेवढे परत करावे लागते. या ‘तेवढे’ शब्दावरच सारा खेळ आहे. कमी पडले तर वाढ खुंटते आणि जास्त झाले तर एका रात्रीत टाकी उजाड होऊ शकते.

निवळीपासून पंपापर्यंत

काचेत प्रवाळ जगवण्याच्या आधुनिक प्रयत्नांत जाकार्ता येथील ली चिन एंग यांचे नाव आदराने घेतले जाते. समुद्रातील जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर त्यांनी प्रवाळे जगवली आणि १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात त्याची माहिती दिली. पुढे जर्मन भाषक हौशींनी या कामाला शिस्त आणली. पीटर विल्केन्स यांनी टाकीला चुन्याची निवळी देण्याचा पुरस्कार केला. जिवंत खडक, प्रखर दिवे, पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर आणि चुन्याची निवळी यांच्या मिलाफाला ‘बर्लिन पद्धत’ असे नाव पडले.

चुन्याची निवळी मराठी वाचकाला परकी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तिच्यात नळीने फुंकर घालून ती दुधाळ होताना आपण सर्वांनी पाहिली आहे. श्वासातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन चुन्याची पुन्हा चुनखडी बनते, म्हणून ती दुधाळ होते. टाकीत ही निवळी दोन कामे करते. ती कॅल्शियम पुरवते आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइडला बायकार्बोनेटमध्ये बदलून सांगाड्याचे दुसरे द्रव्यही देते. शिवाय मागे कोणताही अनावश्यक क्षार उरत नाही.

दोष एकच, तिचा दाह. संपृक्त निवळीचा पीएच सुमारे १२.४ असतो, तर समुद्राच्या पाण्याचा ८.१ च्या आसपास. म्हणून ती ओतायची नसते. टाकीतून दररोज वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याच्या जागी, शक्यतो रात्री, थेंब थेंब सोडायची असते. पानाला लावण्याचा चुना यासाठी वापरू नये. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवे, लिटरमागे सुमारे दीड ग्रॅम. ते ढवळून, गाळ खाली बसल्यावर, वरची स्वच्छ निवळी घ्यावी.

निवळीची मर्यादा वाफेशी बांधलेली आहे. दिवसाला अर्धा लिटर पाणी उडत असेल तर निवळीही अर्धा लिटरच देता येते. प्रवाळांचा खर्च त्याहून वाढला, की दोन वेगळ्या द्रावणांचा मार्ग उरतो. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड आणि दुसरीत सोडा. या मार्गात प्रवाळाने चुना घेतल्यावर मागे साधे मीठ उरते. त्याचा हिशेब ठेवून तिसऱ्या द्रावणात मीठ वगळून समुद्रातील इतर क्षार देण्याची पद्धत जर्मनीतील हान्स-वेर्नर बालिंग यांनी रूढ केली. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी २००६ मध्ये बाजारातील साध्या रसायनांपासून ही द्रावणे घरी बनवण्याची सुधारित कृती प्रसिद्ध केली आणि महागड्या बाटल्यांतले गूढ बऱ्याच अंशी संपले.

तीन आकडे

प्रवाळाच्या टाकीत तीन आकडे सतत ध्यानात ठेवावे लागतात. पहिला कॅल्शियमचा. समुद्रात लिटरमागे सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दुसरा मॅग्नेशियमचा, सुमारे १,३०० मिलिग्रॅम. तिसरा अल्कलिनिटीचा. पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद म्हणजे अल्कलिनिटी आणि समुद्रात ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. हौशी मंडळी ती ‘डीकेएच’ या जर्मन एककात मोजतात. समुद्रात ती सुमारे ७ असते आणि टाकीत ७ ते ९ यांच्या दरम्यान ठेवली जाते.

या तिघांत रोज लक्ष ठेवायचे ते अल्कलिनिटीवर, आणि त्यामागे सरळ अंकगणित आहे. सांगाडा बनताना अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली, तर कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमने कमी होते. म्हणजे ७ पैकी १ गेला तेव्हा ४१० पैकी फक्त ७ गेले. अल्कलिनिटीची शिल्लक सातव्या हिश्शाने घटलेली असताना कॅल्शियमची घट घरगुती चाचणीसंचात धड दिसतही नाही. अनेक नवखे लोक कॅल्शियम मोजून निश्चिंत राहतात आणि टाकी दुसऱ्याच बाजूने रिकामी होत असते.

मॅग्नेशियम खर्च होते थोडेच, पण ते पहारेकऱ्याचे काम करते. समुद्राचे पाणी मुळातच चुनखडीने अतिसंपृक्त आहे. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसण्याच्या तयारीत असतात आणि मॅग्नेशियम त्यांना तसे करू देत नाही. ते कमी असेल तर कितीही मात्रा द्या, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी टिकत नाहीत. घातलेला चुना प्रवाळाऐवजी हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर जमतो.

मात्रा ठरवावी कशी?

एक उदाहरण घेऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत कागदोपत्री ५६ लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ४० लिटर उरते. हिशेब या ४० लिटरचा करायचा. टाकीवर छापलेल्या आकड्यावर मात्रा काढली तर ती पहिल्याच दिवशी चाळीस टक्क्यांनी जास्त होते.

आता सोमवारी ठराविक वेळी अल्कलिनिटी मोजावी. तीन दिवस काहीही घालू नये आणि गुरुवारी त्याच वेळी पुन्हा मोजावी. समजा ८.४ वरून ती ६.९ वर आली. तीन दिवसांत दीड, म्हणजे रोजचा खर्च अर्धा डीकेएच. चाळीस लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवण्यास सुमारे १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, लागतो. तेव्हा रोज ०.६ ग्रॅम पुरे. त्याच्या जोडीला कॅल्शियम लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास परत करायचे, त्यासाठी पाण्याचे दोन रेणू असलेले कॅल्शियम क्लोराइड सुमारे ०.५ ग्रॅम. चमचाभरसुद्धा नाही! एक लिटर शुद्ध पाण्यात ६० ग्रॅम सोडा आणि दुसऱ्या लिटरमध्ये सुमारे ५२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवले, तर दोहोंची रोजची मात्रा प्रत्येकी १० मिलिलिटर होते. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी तापते, म्हणून ते थोडे थोडे घालावे.

येथे काही पथ्ये आहेत. दोन्ही द्रावणे एकाच वेळी, एकाच जागी कधीही देऊ नयेत. दिली तर पाण्यात पांढरा भुरा उठतो आणि घातलेले सारे चुनखडी होऊन तळाशी जाते. प्रवाह जोरात असेल तेथे, काही तासांच्या अंतराने द्यावीत. खाण्याच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालत नाही, कारण तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेले असते. अल्कलिनिटी खाली गेलेली आढळली तरी ती दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक वाढवू नये. प्रवाळ कमी आकड्यावर तग धरते, पण आकड्याची उडी त्याला सोसत नाही. मात्रा सुरू झाल्यावर आठवड्यातून दोनदा मोजावे. प्रवाळ वाढते तसा खर्चही वाढतो, त्यामुळे जानेवारीत ठरवलेली मात्रा जूनमध्ये पुरत नाही.

हा सारा खटाटोप प्रत्येकाला करावा लागतो का? नाही. टाकीत केवळ मऊ प्रवाळे असतील, तर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे बहुधा पुरते. या टाकीत ते फक्त चार लिटर होतात आणि छोट्या टाकीचा हाच मोठा फायदा आहे. मात्र पाषाणी प्रवाळे भरात आली की हा उपाय अपुरा पडतो. टाकी ७ डीकेएचवर असताना ९ डीकेएचचे नवे पाणी दहा टक्के घातले, तर वाढ होते ०.२ डीकेएच. आपल्या उदाहरणातील आठवड्याचा खर्च होता साडेतीन. म्हणजे मोजल्यावाचून, ‘पाणी बदलतो आहे ना’ या भरवशावर राहणे फसवे ठरते.

उपकरणे : आवश्यक कोणती, हौसेची कोणती

बाजारात उपकरणांची रेलचेल आहे. छोट्या टाकीसाठी त्यांची क्रमवारी लावली तर सर्वांत वर येते ते शुद्ध पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, नळजोडणीतील तांबे आणि फॉस्फेट प्रवाळांना घातक असतात. म्हणून आरओ आणि त्यापुढे आयन शोषणारा रेझिन असे दुहेरी गाळलेले पाणीच मीठ कालवण्यासाठी वापरले जाते.

दुसरे, खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. चाळीस लिटरमधून एक लिटर पाणी उडाले की हा आकडा ३६ च्या जवळ जातो. क्षार उडत नाहीत, उडते ते फक्त पाणी. म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची असते. हे काम पातळी ओळखून आपोआप करणारे यंत्र छोट्या टाकीत चैनीचे नसून गरजेचे ठरते.

तिसरे म्हणजे दिवा आणि प्रवाह. आता एलईडी दिव्यांनी जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांची जागा घेतली आहे. रोज आठ ते दहा तास प्रकाश पुरतो. नवा दिवा लावताना तीव्रता काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी, कारण एकदम प्रखर प्रकाशातही प्रवाळ पांढरे पडते. प्रवाह एका दिशेने आदळणारा नको, तर उलटसुलट खेळणारा हवा. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. थंड देशांत त्यासाठी हीटर लागतो, तर दुबई-सिंगापूरसारख्या ठिकाणी पंखा किंवा चिलर. पंखा लावला की बाष्पीभवन वाढते, हेही हिशेबात धरावे. स्किमरविना मात्र छोटी टाकी नियमित पाणीबदलावर उत्तम चालू शकते.

मात्रा देणारा पंप मोठा गमतीचा असतो. त्यात द्रवाचा पंपाच्या धातूशी संबंधच येत नाही. फिरणारी चाके मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि नळीतला द्रव त्यांच्यापुढे ढकलला जातो. डायलिसिसच्या यंत्रात रक्त याच तत्त्वाने फिरवले जाते. अशा पंपाने १० मिलिलिटरची मात्रा दिवसभरात दहा वेळा एक एक मिलिलिटर अशी विभागून देता येते आणि पाण्याला तिचा धक्का बसत नाही. नळी झिजते तशी मात्रा बदलते, म्हणून दर महिन्याला मोजपात्रात द्रव घेऊन पंप तपासावा. नळीचे टोक टाकीच्या पाण्यात बुडवू नये.

टाक्यांचा घात पुष्कळदा या स्वयंचलित यंत्रांनीच होतो. तरंगणारा स्विच अडकतो, पंप बंद व्हायचा विसरतो आणि साठ्यातले सगळे द्रावण टाकीत उतरते. आपल्या उदाहरणातील लिटरभर सोड्याचे द्रावण एकदम गेले तर अल्कलिनिटी पन्नास डीकेएचने चढेल. त्यातून काहीही वाचणार नाही. यावरील उपाय साधा आणि फुकटचा आहे. साठा वेगळा ठेवावा आणि पंपाच्या बाटलीत एका वेळी आठवड्यापुरतेच, ७० मिलिलिटर, द्रावण भरावे. ते सारे सांडले तरी धक्का साडेतीन डीकेएचचा बसेल. प्रवाळे दुखावतील, पण पाणी बदलून बहुतेक वाचवता येतील. गोड्या पाण्याच्या साठ्यालाही हाच नियम लावावा.

बाटल्यांचा मोह

आयोडीन, स्ट्रॉन्शियम, लोह, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे अशा नावांच्या आकर्षक बाटल्या दुकानांत मांडलेल्या असतात. यांपैकी काही द्रव्ये प्रवाळे खरोखरच घेतात, पण त्यांचे समुद्रातील प्रमाण अत्यल्प आहे. आयोडीन तर लिटरमागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम इतकेच असते. इतक्या सूक्ष्म मात्रेत ‘रोज पाच थेंब’ हा सल्ला अंदाजपंचे ठरतो. छोट्या टाकीत पाच थेंबही मोठे होतात. चांगल्या प्रतीच्या मिठात ही द्रव्ये असतातच आणि आठवड्याच्या पाणीबदलातून ती मिळत राहतात. ज्यांना खात्री करायची आहे, त्यांना पाण्याचा नमुना पाठवून डझनावारी मूलद्रव्यांची तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा युरोप-अमेरिकेत उपलब्ध आहेत. जे मोजता येत नाही ते घालू नये, हा अनुभवी मंडळींचा दंडक आहे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे पाणी अतिस्वच्छ करणे. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की नको असलेले शैवाल माजते आणि जास्त फॉस्फेट सांगाड्याच्या बांधणीतही अडथळा आणते, हे खरे. पण दोन्ही शून्यावर आणली तर प्रवाळाच्या पेशींतील शैवालही उपाशी राहते.

एक धोका माणसाच्या जिवाशी निगडित आहे. झोअँथिड गटातील काही रंगीत जीवांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा. ते चिकटलेला खडक कधीही उकळू नये, कारण विषारी वाफाऱ्याने घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत.

आपला समुद्र आणि आपला कायदा

पाषाणी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा तोडून, तो दगडाला चिकटवून नवी वसाहत वाढवता येते. त्यामुळे परदेशांतील जबाबदार हौशी समुद्रातून आणलेल्या प्रवाळाऐवजी असे टाकीत वाढलेले तुकडेच घेतात. भारताने २००१ मध्ये खडक बांधणारी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आदींना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले. आपल्याकडे चोरट्या मार्गाने विकायला येणारा तुकडा कोठल्या तरी खडकावरून उचकटलेला असण्याचाच संभव अधिक.

महाराष्ट्राला प्रवाळ दूरचे नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या पाण्यात ती आहेत, विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रातील आंग्रिया बँकेवर आहेत आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती उचलून अन्यत्र हलवाव्या लागल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या दाराशी प्रवाळ असल्याचे प्रथमच कळले.

टाकीतील आकड्यांशी झुंजणाऱ्या हौशी माणसाला या प्रवाळांचे दुखणे लवकर समजते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्यातील शैवाल टाकून देते आणि पांढरे पडते. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथे मोठे विरंजन सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. दुसरीकडे हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून त्यातील कार्बोनेट कमी करतो आहे आणि सांगाडा बांधणे जड होत चालले आहे. चाळीस लिटरच्या टाकीत अर्धा डीकेएच घसरला तर चिमूटभर सोडा पुरतो आणि एक अंश वाढला तर पंखा लावता येतो. मालवणच्या समुद्राला यांपैकी एकही सोय उपलब्ध नाही.